मीटर लावलं की चालतं

काकांचा पहिला मेसेज भलताच लांब होता. पंपांच्या देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लागले होते. बेअरिंग जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांना कानानं ठाऊक होतं. पण कान थकायला लागले होते, म्हणून त्यांनी एक यंत्र केलं होतं: पितळी सळईच्या टोकाला कंपनाचं व्होल्टेज करणारी पिझोची चकती, तिच्यामागे टीएल०७२ ही चिप (आत दोन ऑप-अॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी सर्किटं) आणि शेवटी एक छोटा स्पीकर. सळई बेअरिंगच्या अंगाला टेकवायची आणि ऐकायचं. पहिला बोर्ड वर्षभर ठणठणीत चालला होता. एका मित्रासाठी त्यांनी तसाच दुसरा केला, तो पहिला समोर ठेवून, भोक न् भोक मोजून. हा दुसरा बोर्ड चालू केला की दोन-तीन मिनिटं छान वाजायचा आणि मग मुका व्हायचा.

माझं काम अ‍ॅनालॉग सर्किट डिझाइनचं. दिवसभर स्वतःची सर्किटं, आणि संध्याकाळी तासभर दूरवरच्या कुणाकुणाची. कुणी विद्यार्थी असतो, कुणी दुरुस्ती करणारा, कुणी काकांसारखा हौशी. आकृती येते, फोटो येतात, चार ओळींची तक्रार येते. बोर्ड हातात घेता येत नाही, चिपला बोट लावून तापलीय का ते पाहता येत नाही. समोरच्याचेच डोळे आणि हात उसने घ्यावे लागतात. हे काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्या आठवड्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

मेसेज मी अर्धा वाचला आणि थेट आकृतीवर गेलो. आकृती सुरेख होती, पट्टी लावून काढलेली. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे अधिक ९ आणि उणे ९. चिपच्या पहिल्या अर्ध्या भागात पिझोसाठी बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारा टप्पा. त्यातून निघालेला सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या पॉलिस्टर कपॅसिटरमधून दुसऱ्या भागाच्या पाच नंबरच्या पिनवर. त्या पिनपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर. पुढे १०० किलोओहम आणि १ किलोओहमची जोडी, म्हणजे १०१ पट गेन, सिग्नल तेवढा मोठा होणार. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. शिवाय ह्याच आकृतीवरचा पहिला बोर्ड वर्षभर चालतोय म्हटल्यावर मांडणीवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी ठरवून टाकलं की डिझाइन बरोबर आहे, हाताच्या कामात कसर राहिलीय.

"काका, केसांच्या ड्रायरनं चिप थोडी गरम करून बघा," मी लिहिलं.

त्यांनी केलं. गरम केल्यावर बोर्ड दुप्पट लवकर गप्प झाला. मला हवा होता तो पुरावा मिळाला. तापल्यावर सुटणारं काहीतरी आहे, बहुतेक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा डाग. मी त्यांना सगळे डाग पुन्हा द्यायला सांगितलं. त्यांनी भिंग लावून चाळीसच्या वर डाग एकेक करून पुन्हा दिले. दोन रात्री गेल्या. फरक शून्य.

मग चिप बदलायला सांगितली. नव्या चिपवर बोर्ड पाच मिनिटं चालला आणि मग गेला. वेळ बदलली म्हणजे चिपचाच काहीतरी संबंध आहे, असं मी त्यांना कळवलं. जुनी चिप परत बसवली तर पुन्हा तीन मिनिटं. नव्या बॅटऱ्या झाल्या. बोर्ड उभा-आडवा धरून झाला. चौथ्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी उगाच विचारलं, "नेमका किती वेळ चालतो, ते मोजलंय का?"

उत्तरादाखल वहीच्या पानाचा फोटो आला. आयुष्यभर पंपांचे लॉगबुक भरलेल्या हाताचं पान होतं ते. तीन रकाने: वेळ, खोलीचं तापमान, सेकंद. सकाळी २२ अंशाला १९० सेकंद. अकराला, २९ अंशाला ११५. दुपारी ३६ अंशाला ७५. प्रत्येक नोंद तीनदा घेतलेली, आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या दोन-चार सेकंदांत. वर शीर्षक होतं: मीटर काढल्यापासून.

ड्राय सोल्डर असं वागत नाही. तो कधी दहा सेकंदांत सुटतो, कधी तासभर सुटत नाही, टिचकी मारली की परत जुळतो. इतक्या शिस्तीत वेळ पाळणारी गोष्ट म्हणजे काहीतरी हळूहळू भरणं किंवा रिकामं होणं. आणि ते शीर्षक.

"मीटर काढल्यापासून म्हणजे काय, काका?"

"पहिल्याच मेसेजात लिहिलं होतं साहेब. बोर्ड गप्प झाला की पाच नंबरच्या पिनचे व्होल्ट बघायला मीटर लावतो. लावलं की दोन-तीन सेकंदांत आवाज परत येतो. काढलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतो. म्हणून मी तिथून वेळ धरली."

मी मेसेज वर सरकवत गेलो. होतं. मी जिथं वाचणं सोडलं होतं त्याच्या खाली तिसऱ्या ओळीत होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक वाक्य होतं: हा बोर्ड मी स्पिरिट आणि ब्रशनं स्वच्छ धुतला आहे, पहिला मात्र तसाच कळकट आहे, सोल्डरिंग पेस्टसकट.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ऑप-अ‍ॅम्पची इनपुट पिन काहीच करंट घेत नाही, असं आपण शिकवताना सांगतो. प्रत्यक्षात ती घेते, अगदी कणभर. त्याला बायस करंट म्हणतात. टीएल०७२ च्या आत इनपुटला जेफेट ह्या जातीचे ट्रान्झिस्टर असतात, म्हणून तो फारच कमी असतो. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, २५ अंशाला ६५ पिकोअँपिअर (एक पिको म्हणजे लाख-कोटीवा भाग) हा नेहमीचा आकडा दिलेला आहे, जास्तीत जास्त २००. एवढा का होईना, त्याला जायला-यायला वाट लागते. ती वाट म्हणजे ग्राउंडला जाणारा १ मेगाओहमचा रेझिस्टर. तो नसला तर पिनला फक्त कपॅसिटर उरतो. मग हा करंट कपॅसिटर भरत बसतो आणि पिनचं व्होल्टेज हळूहळू एका बाजूला सरकत जातं.

किती हळू? ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर आउटपुट साधारण साडेसात व्होल्टला जाऊन अडकतं आणि आवाज बंद होतो. त्याला १०१ नं भागलं की इनपुटवर ७४ मिलिव्होल्ट. कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा. ह्या दोघांचा गुणाकार केला आणि काकांच्या १९० सेकंदांनी भागलं. उत्तर आलं ३९ पिकोअँपिअर.

मी पेन्सिल खाली ठेवली. डेटाशीटमधला आकडा समोर, आणि त्याच्या शेजारी भिंतीवरच्या घड्याळानं मोजलेला हा आकडा. प्रयोगशाळेत एवढा करंट मोजायला खास उपकरण लागतं, केबल हलली तरी वाचन बिघडतं. तो काकांनी घरच्या टेबलावर, सेकंद मोजून, वहीत लिहून ठेवला होता. दुपारचे ७५ सेकंद घेतले तर ९९ पिकोअँपिअर येतात. जेफेटचा हा करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. १४ अंशांच्या फरकाला अडीच पटीच्या आसपास वाढ हवी, आणि तेवढीच होती. ३९ पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे चोवीस कोटी इलेक्ट्रॉन, हे मी नंतर सहज काढलं आणि काकांना कळवलं. त्यांनी तो आकडा वहीत त्याच पानावर लिहिला.

माझे सगळे पुरावेही आता उलटे उभे राहिले. ड्रायरनं बोर्ड लवकर मेला, कारण उष्णतेनं बायस करंट वाढला. नव्या चिपनं पाच मिनिटं काढली, कारण प्रत्येक चिपचा हा करंट वेगळा असतो. माझी चाचणी चुकीची नव्हती, पण दोन वेगळ्या दोषांना तिचं उत्तर एकच येत होतं आणि मी आधीच मनात धरलेला दोष उचलला. मीटरचं कोडंही सुटलं. डीसी व्होल्टवर ठेवलेल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. काका मोजायला म्हणून मीटर लावत होते, पण सर्किटच्या दृष्टीनं ते हरवलेला रेझिस्टरच जागेवर आणून ठेवत होते. १० मेगाओहम आणि १०० नॅनोफॅरड, दोघांचा गुणाकार एक सेकंद, म्हणजे कपॅसिटर सेकंदाच्या हिशेबात रिकामा होतो. दोन-तीन सेकंदांत आवाज परत येणारच.

"काका, चिप सॉकेटमधून काढा आणि पाच नंबरच्या भोकापासून ग्राउंडपर्यंत रोध मोजा. १ मेगाओहम यायला हवा."

"मी मोजलाय तो. बरोबर १ मेगाओहम आहे."

"रेझिस्टरच्या दोन पायांवर मोजलात की सॉकेटच्या भोकापासून?"

थोडा वेळ काही आलं नाही. मग: "पायांवर मोजला होता. भोकापासून मीटर ओएल दाखवतंय, म्हणजे जोडच नाही."

रेझिस्टर चांगला होता, फक्त त्याचा एक पाय चुकीच्या भोकात गेला होता. तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा, भोकाभोकांचा बोर्ड. मधली पट्टी ग्राउंडची, तिच्या एका बाजूला पाच नंबरच्या पिनची पट्टी, दुसऱ्या बाजूला बफरच्या आउटपुटची. रेझिस्टरचा एक पाय ग्राउंडला बरोबर होता. दुसरा पिनच्या पट्टीत जायचा तो आउटपुटच्या पट्टीत गेला होता, म्हणजे कपॅसिटरच्या अलीकडे. तिथं त्याचा काही उपयोग नाही आणि काही अपायही नाही. बोर्ड उलटा करून सोल्डर करताना बाजू बदलतात, तेव्हा ही चूक हमखास होते. फोटोत ते दिसत होतं का? हो. कपॅसिटरच्या पोटाखाली अर्धवट झाकलेलं, पण दिसत होतं. मी तो फोटो निदान दहा वेळा पाहिला होता आणि दर वेळी त्यात आकृतीच पाहिली होती.

रेझिस्टर हलवून काकांनी बोर्ड चालू केला आणि रात्रभर चालूच ठेवला. सकाळी आवाजाची फीत पाठवली. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक सळईतून ढोल वाजल्यासारखी येत होती.

पण एक प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो नेमका होता. दुसरा बोर्ड पहिल्याची हुबेहूब नक्कल असेल, तर पहिल्यातही रेझिस्टर चुकीच्याच भोकात असणार. मग तो वर्षभर कसा चालला?

मी म्हटलं, न धुतल्यामुळे. सोल्डरिंग पेस्टचा राहिलेला थर हवेतला ओलावा धरतो आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये थोडी गळती होते. पिनची पट्टी आणि ग्राउंडची पट्टी लागून आहेत. तिथं शंभर-दोनशे मेगाओहमची गळती असली तरी ३९ पिकोअँपिअरला ती राजरस्त्यासारखी आहे. साध्या मीटरला ती दिसतही नाही, त्याची रोध मोजायची मर्यादा बहुधा तेवढ्या वर जातच नाही. जे काम रेझिस्टरनं करायचं ते त्या कळकटपणानं वर्षभर केलं. मी स्वतः प्रत्येकाला बोर्ड धुवायला सांगतो आणि पुढेही सांगेन, कारण अशी गळती आज चालवते आणि उद्या कोरड्या हवेत दगा देते. पण धुतल्यानंतर बिघडलेला बोर्ड दिसला की आता मी आधी हेच विचारतो: तो थर कुणाची जागा भरून काढत होता?

आणखी एक गोष्ट मला तेव्हा लख्ख दिसली. १९६८ साली आलेल्या ७४१ ह्या जुन्या चिपचा बायस करंट ८० नॅनोअँपिअरच्या घरात असतो, टीएल०७२ च्या हजारपट. हीच चूक ७४१ वर झाली असती तर आउटपुट सेकंदाच्या दहाव्या भागात जाऊन चिकटलं असतं. एकदाही वाजलं नसतं, आणि काकांनी पहिल्याच संध्याकाळी वायरिंग तपासलं असतं. चिप चांगली होती म्हणून चूक तीन मिनिटं लपून राहत होती, आणि पेस्टच्या थराखाली वर्षभर.

मी काकांना म्हटलं, पहिला बोर्ड लगेच धुऊ नका, आधी रेझिस्टर हलवा आणि मग धुवा. ते म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वहीच्या पानाचा फोटो आला. त्यांनी पहिला बोर्ड आधी धुतला होता. वर्षभर बिनतक्रार चाललेला, त्यांच्या रोजच्या वापरातला बोर्ड. रकान्यात नवी नोंद होती: बोर्ड क्रमांक १, धुतल्यावर, २४ अंश, १६० सेकंद. खाली एकच ओळ: "तुम्ही म्हणालात तसाच मेला. आता रेझिस्टर हलवतो."