मुखदर्शनावर भागवलेली वेल्सची वारी

ताईने आळंदी ते पंढरपूर पायी केलेलं. त्यामुळे उत्तर वेल्सच्या तीर्थवाटेवर निघताना तिचा पहिला प्रश्न, "दिंडी किती वाजता निघते गं?" इथे दिंडी नाही, अन्नछत्र नाही. होलीवेलजवळच्या पडक्या मठापासून लीन द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत साधारण २१० किलोमीटर आपलं आपण चालायचं. वाटेतल्या चर्चमध्ये शिक्का ठेवलेला असतो, तो आपल्याच हाताने पुस्तिकेवर उमटवायचा. मला ही शांतता मानवली. ताईला टाळाशिवाय चढ चढवेना, मग ती हरिपाठ पुटपुटत चालली.

होलीवेलला संत विनफ्रेडचं कुंड आहे. तिचं तोडलेलं शिर तिच्या मामाने, संत बायनोने, परत जोडलं अशी कथा. हे मामा पुढे वाटभर भेटत राहतात.

कॉन्वी नदीच्या खोऱ्यात आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून लानरूस्त गाठलं, तिथल्या पुलासाठी. १६३६ सालचा, तीन दगडी कमानींचा. इनिगो जोन्स या इंग्लिश वास्तुकाराने आराखडा केला असं परंपरेने सांगतात, कागदोपत्री पुरावा मात्र नाही. मधली कमान इतकी उंच की पुलाला चांगलंच कुबड आलंय. एका वेळी एकच गाडी जाते आणि चढावर असताना पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. आमच्यासमोरच दोन गाड्या माथ्यावर समोरासमोर आल्या. मागे कोणी जायचं यावर हातवारे सुरू झाले, आम्ही कठड्याला चिकटून उभ्या. गावकऱ्यांनी पुलाला 'शिव्यांचा पूल' असं टोपणनाव दिलंय, ते उगाच नाही. खाली कॉन्वीचं पाणी तांबूस, पावसाने फुगलेलं. पलीकडच्या तीरावर वेलींनी झाकलेलं जुनं दगडी घर आहे, तिथे चहा मिळतो. ताईने स्कोनवर, म्हणजे तिथल्या छोट्या गोडसर पावावर, जॅमचा थर असा दिला की पुरणपोळीवर तूपही कोणी इतकं घेत नाही.

डोंगर ओलांडून वाट समुद्राला भिडते आणि चालणं बदलतं. वारा एकाच बाजूने कानात घुसतो, एक गाल खारट होतो. क्लनॉग व्हाउरला बायनोमामांचं भलंमोठं चर्च आहे. आत एकाच खोडातून कोरलेली दानपेटी, आणि भांडखोर कुत्र्यांना प्रार्थनेतून ओढून बाहेर काढायचा लांब चिमटा! विठ्ठलाच्या वाटेवर कुत्र्यांना कोणी हटकत नाही, यावर ताईने मला बराच वेळ सुनावलं. पुढे पोर्थोरच्या किनाऱ्याची वाळू पावलाखाली कुईकुई करते. तिथे मात्र आम्ही दोघी पोरींसारख्या पाय घासत फिरलो.

अबरदारोनला पोचलो तेव्हा बार्डसी बेटावर, या वारीच्या शेवटच्या ठिकाणी, नेणाऱ्या होड्या बंद होत्या. बेट किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटर, पण मधल्या सामुद्रधुनीतले भरती-ओहोटीचे प्रवाह भयंकर. हवा बिघडली की होडीवाले सरळ नाही म्हणतात, आणि तेच बरोबर. त्या बेटावर वीस हजार संत पुरलेत अशी श्रद्धा आहे. पूर्वीचे यात्रेकरूही असेच किनाऱ्यावर वाट बघत बसायचे. त्यांना जेवू घालणारं जुनं घर गावात अजून आहे, आता तिथे कॅफे चालतो.

टोकाच्या कड्यावर गेलो. ढग फाटले आणि बेट दिसलं, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे सपाट शेपूट. ताईने चपला काढल्या, हात जोडले. "पदस्पर्श नाही तर नाही, मुखदर्शन झालं. पंढरपुरात गर्दीत आम्ही हेच करतो."

मी तिला सांगितलं, मध्ययुगात बार्डसीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असं धरायचे.

"मग आपली पाव तरी धरतील का?"

"होडीत बसल्याशिवाय नाही धरणार."

"बरं," ती चपला घालत म्हणाली, "पुढच्या वर्षी जूनमध्ये नको, आषाढी येते. ऑगस्टमध्ये होड्यांचं काय ते बघून ठेव."