झावळ्यांच्या रविवारी शिंदी की नारळ?

मिरज-सांगलीकडे झावळ्यांचा रविवार (पाम संडे, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून झावळ्यांची मिरवणूक काढतात तो ईस्टरआधीचा रविवार) जवळ आला की चर्चच्या मंडळीत पहिला विषय एकच: झावळ्या आणायच्या कुठून? सोपं उत्तर नारळ. कुणाच्या ना कुणाच्या परड्यात एखाददुसरं झाड असतंच. पण बायबलला धरून चालायचं तर शिंदी जास्त जवळची. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात लोक खजुरीच्या झावळ्या घेऊन येशूला सामोरे जातात, आणि ओढ्याकाठची आपली शिंदी ही त्या खजुरीची सख्खी बहीण. गंमत अशी की खजुरीचं नाव एकटा योहानच घेतो. बाकीच्या तीन शुभवर्तमानांपैकी मत्तयात झाडांच्या डहाळ्या आहेत, मार्कात शेतातून तोडून आणलेल्या, आणि लूकात तर डहाळीच नाही, रस्त्यावर नुसती वस्त्रं अंथरलेली. तेव्हा नारळ चालतो का, यावर कुणी वाद घालू नये.

शिंदी आणायची तर केरसुण्या वळणाऱ्यांना विचारा. चांगलं पान कुठल्या ओढ्याला मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मात्र शिंदीच्या देठाकडची पाती म्हणजे सरळ काटेच. बुडापासून वीतभर भाग कोयत्याने साफ केल्याशिवाय पान लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही; मिरवणुकीत मागच्याच्या डोळ्याला लागतं. मुलांना दीड-दोन फुटांचं पान पुरे. मोठ्यांनीही तीन फुटांच्या वर जाऊ नये, नाहीतर चर्चच्या दारात सगळ्यांची गुंतागुंत होते.

नारळाची झावळी तोडताना शेंड्याच्या पिवळसर, न उमललेल्या कोंबाला हात लावू नका. तो मऊ असतो, घडीला छान बसतो, म्हणून मोह होतो. पण नारळाला वाढीचा डोळा एकच, तो दुखावला तर झाड जातं. खालच्या-मधल्या फेरीतली हिरवी झावळी घ्या. तोड शनिवारी संध्याकाळी. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन असं की सकाळी तोडून उघड्यावर टाकलेली पाती दुपारपर्यंत हिराभोवती मिटून जातात, आणि मिटलेलं पातं घडी घालताना चिरतं. देठ पाण्याच्या बादलीत, वर ओलं गोणपाट, आणि सगळं सावलीत. एवढं केलं की रविवारी सकाळी पातं हवं तसं वळतं.

त्याच पात्याचा क्रूस करायचा असतो. झावळीच्या मध्यावरची पाती सर्वांत लांब, तीच निवडायची. हीर काढून टाका आणि दीड सेंटीमीटर रुंद, साधारण 60 सेंटीमीटर लांब पट्टी घ्या. रुंद टोक खाली धरून 15 सेंटीमीटरवर पट्टी मागे दुमडा आणि 5 सेंटीमीटर खाली आणा. तिथे तिरकी घडी घालून ती उजवीकडे वळवा. 4 सेंटीमीटरवर परत दुमडून समोरून डावीकडे न्या, डावा हातही तेवढाच ठेवा आणि टोक मागून मध्यावर आणा. आता उरलेल्या पट्टीने सांध्यावर फुलीसारखे दोन तिरके वेढे घ्या आणि टोक मागच्या वेढ्यात खोचा. क्रूस सैल पडतो तो बहुतेक पहिल्या वेढ्यामुळे: तो घेताना अंगठ्याने सांधा दाबून धरायचा राहतो. स्टेपलर मारू नका. पुढच्या वर्षी कपाळाला लावायच्या राखेसाठी हाच क्रूस जाळायचा आहे, राखेत पिना कशाला?

तारखेचा घोळ दरवर्षी असतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्याच्या आदल्या रविवारी झावळ्या. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, तरी आपल्या कालनिर्णयाशी बहुधा जुळते. 2024ला होळीनंतरच्या रविवारी, 31 मार्चला ईस्टर होता. 2026ला हनुमान जयंती 2 एप्रिल, ईस्टर 5 एप्रिल, झावळ्या 29 मार्चला.

मिरवणुकीत ‘होसान्ना’ म्हणतात तो जयजयकार वाटतो, पण मुळात ती बायबलातल्या 118व्या स्तोत्रातली विनवणी आहे: आता तार, तारण कर. राजा म्हणून येशू येतो तोही घोड्यावरून नाही, गाढवाच्या शिंगरावरून. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, 9व्या अध्यायात तसंच सांगितलंय. कॅथलिक मिस्सात (उपासनेत) तर त्याच सकाळी येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन होतं, आणि ‘त्याला वधस्तंभावर खिळा’ हे गर्दीचे शब्द हातात झावळी धरलेल्या मंडळीनेच म्हणायचे असतात.

गाण्याचं म्हणाल तर मिरवणूक लांबली की पुढचे एका कडव्यावर, मागचे दुसऱ्या. लाउडस्पीकरने हे सुटत नाही, कारण मागे आवाज उशिरा पोचतो. टाळकरी पुढे, मध्ये आणि मागे वाटून ठेवावेत, दिंडीत ठेवतात तसे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1917 साली साताऱ्याला येऊन राहिले. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन त्यांनी त्याआधीच रुजवलं होतं, तेव्हा टाळ-ढोलकीला कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

क्रूस घरी नेऊन भिंतीला लावावा, पण स्वयंपाकघरात नको, तेलकट होतो. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून जूनआधी एकदा कडक ऊन दाखवा. राखेच्या बुधवारच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात) आठवडाभर आधी जुने क्रूस चर्चमध्ये गोळा होतात. ते कात्रीने बारीक करून लोखंडी घमेल्यात जाळायचे आणि पाती काळी झाली की विझवायची. पूर्ण जळून पांढरी झालेली राख कपाळावर दिसत नाही. थंड झाल्यावर खलात कुटून मलमलीतून गाळा. ओली करायची तर खोबरेल तेलाचे थेंब घाला, पाणी नको. राखेत क्षार असतो, पाण्याने तो सुटतो आणि कपाळाची आग होते.