ओल आलेली भिंत

गिऱ्हाइकानं आणलेल्या चित्रावर बोलायचं नाही, त्याला पट्टी कुठली शोभेल एवढंच सांगायचं, हा वडिलांनी घालून दिलेला दंडक. फ्रेमच्या दुकानात बसून मला बत्तीस वर्षं झाली. दिवाळीच्या तोंडावर तो दंडक मीच मोडला.

सासरे आणि सून आले होते. आजोबांच्या पिशवीत रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी, कडा तपकिरी पडलेल्या. सूनबाईंनी नळकांड्यातून अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राचं पोस्टर काढून काउंटरवर पसरलं.

"ही तर ओल आलेली भिंत," आजोबा म्हणाले. आणि मी हसलो.

सूनबाई गप्प. मग लक्ष्मीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "आणि हे कॅलेंडर."

आजोबांचा चेहरा उतरला. ती त्यांच्या आईच्या देवघरातली होती. आग मी लावली नव्हती, पण फुंकर माझीच होती. काय करावं सुचेना, म्हणून विचारलं, "आजोबा, ओल नेमकी कुठं दिसते?"

त्यांनी बोट ठेवलं. "इथं. आतून झिरपल्यासारखं."

"मला तिथंच बघत बसावंसं वाटतं," सूनबाई म्हणाल्या. गायतोंडे रोलरनं रंग लावायचे, सुरीनं खरवडायचे, हे त्यांनी सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं. पटलं असावं असं काही दिसलं नाही.

मी ड्रॉवरमधून भिंग काढून सूनबाईंच्या हातात दिलं. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे ठसे एकमेकांवर अचूक बसायला हवेत. लक्ष्मीच्या गालावर त्या बराच वेळ भिंग धरून होत्या. मग खालच्या समासाशी थांबल्या.

"मळवली? आपल्या लोणावळा लोकलवरचं?"

"तेच. पुढे छापखाना तिकडे गेला."

खरं सांगायचं तर तो समास मी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खाली झाकणार होतो. तसं चित्र नीटनेटकं दिसतं. सूनबाई म्हणाल्या, "नाव दिसू द्या."

लक्ष्मीला आजोबांनी रुंद सोनेरी पट्टी निवडली. दुसऱ्या चित्रासाठी मी नमुने पुढे केले, तेव्हा सूनबाईंच्या आधी आजोबाच बोलले, "सोनेरी नको हो. हिच्या भिंतीला काळी, बारीक लावा."