फळ्यावरचे सात आणि तेरा

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मैदान, सहली, स्नेहसंमेलन हे विषय वर्गमित्रांनी आधीच वाटून घेतले होते. मला लिहायचे होते ते धर्मशिक्षणाच्या तासाबद्दलच. त्या तासाला आम्ही कॅथलिक मुले एका वर्गात जमत असू आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असे. तरी चेंदणी कोळीवाड्यातली, चरईतली काही हिंदू मुले परवानगी काढून आमच्या मागच्या बाकांवर येऊन बसत. सरांनी त्यांना कधी उठवले नाही.

दहावीची प्रिलिम झाली आणि सरांनी बायबलमधला शलमोन राजा शिकवायला घेतला. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. दर बुधवारी ठाण्याहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला जाऊन मार्क मागायचे, असे घरोघरी चालले होते. सर त्याला नावे ठेवत नव्हते. ‘जरूर मागा,’ ते म्हणाले, ‘पण या राजाने काय मागितले तेही वाचा.’

गिबोनात देव स्वप्नात येऊन शलमोनाला म्हणतो, हवे ते माग. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचे प्राण मागत नाही. मी अजून लहान मूल आहे, एवढ्या प्रजेचा न्याय मी कसा करू, असे म्हणून तो बरेवाईट ओळखणारे मन मागतो. एवढी गोष्ट आम्हांला लहानपणापासून माहीत होती. सरांनी मात्र पुढचे अध्याय आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. मध्येच उठून त्यांनी फळ्यावर लिहिले : देवाचे मंदिर बांधायला ७ वर्षे, स्वतःचा राजवाडा बांधायला १३ वर्षे. आणि काही न बोलता खाली बसले. मग अकरावा अध्याय आला. ७०० राण्या, ३०० उपपत्नी, परक्या देवांच्या पूजेसाठी टेकडीवर बांधलेली उच्चस्थाने. देवाने त्याला दोनदा दर्शन दिले होते, हेही तिथेच लिहिले आहे. त्याचे ज्ञान ऐकायला देशोदेशीची माणसे येत होती, पण ‘मी लहान मूल आहे’ हे शब्द त्याच्या तोंडी पुन्हा येत नाहीत.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, देवाने दिलेले ज्ञान आटते कसे?’

सरांनी बायबलच्या नव्या करारातले याकोबाचे पत्र उघडले. ज्याला ज्ञान उणे पडत असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असे त्यात आहे. ‘उणे रोज पडते,’ सर म्हणाले. ‘मागायचेही रोजच असते.’ ख्रिस्ती माणसाच्या नम्रतेबद्दल मी पुढे पुष्कळ प्रवचने ऐकली, पण याहून नेमके काही ऐकल्याचे आठवत नाही.

नम्रतेचा आपण फार सोयीचा अर्थ करून घेतला आहे असे मला वाटते. कामाची वेळ आली की ‘मी साधा माणूस, मला काय कळते’ म्हणून मागे सरायचे, आणि लोक त्यालाच विनय म्हणतात. बायबलमधल्या गणना या पुस्तकात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र म्हटले आहे. हाच मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहून माझ्या लोकांना जाऊ दे म्हणाला होता. संत ऑगस्टीनने डायस्कोरस नावाच्या तरुणाला लिहिलेले पत्रही इथे आठवते. हा तरुण घाईत होता. लोकांनी आपल्याला अडाणी समजू नये म्हणून त्याला रोमन विचारवंत सिसेरोच्या ग्रंथांवरच्या प्रश्नांची उत्तरे झटपट हवी होती. सत्याकडे जाणारी पहिली वाट नम्रतेची, दुसरी नम्रतेची, तिसरीही नम्रतेची, असे ऑगस्टीनने त्याला कळवले. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र वाचावे.

आता मी नवी मुंबईत राहतो आणि आमच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चच्या सल्लागार मंडळावर, आहे. सरांनी त्याच आठवड्यात शिकवलेला शलमोनाचा मुलगा रहबाम तिथे मला वारंवार आठवतो. प्रजा जू हलके करा म्हणून आली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितले, आज तू यांचा सेवक हो, म्हणजे हे कायमचे तुझे होतील. बरोबर वाढलेल्या मित्रांनी सांगितले, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे असे बोल. त्याने मित्रांचे ऐकले आणि बारांपैकी दहा वंश हातचे गेले. यावरून थोरांचेच ऐकावे असा धडा काढणे सोपे आहे, पण मला तो पटत नाही. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठाधिपतीने महत्त्वाच्या कामी सर्वांना बोलवावे असे सांगितले आहे, कारण जे अधिक चांगले ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला प्रकट करतो. सल्ला देणाऱ्याचे वय किती हा मुद्दाच नव्हे. तो सेवा करायला सांगतो की दरारा बसवायला, ते पाहायचे.

म्हणून आमच्या बैठकीत युवा प्रतिनिधींनी आधी बोलावे असे मी सुचवले आणि फादरांनी ते मान्य केले. अध्यक्षांचे मत ऐकल्यावर पोरे गप्प बसतात, हा सगळीकडचाच अनुभव आहे. मागच्या वर्षी निधी कशाला वापरायचा हा विषय निघाला तेव्हा आम्ही मोठी माणसे हॉलच्या रंगकामाचे आणि नव्या साउंड सिस्टीमचे भाव घेऊन आलो होतो. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, तिच्या आजीला व्हीलचेअरवरून पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून आजी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, घरी टीव्हीवर पाहते. रंगकाम पुढे ढकलले. रॅम्पचे काम ईस्टरच्या आधी पूर्ण झाले.