अर्धा इंच माया

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख हवा आहे, आणि डिझाइनच्या व्यवसायातून माणसांशी वागण्याविषयी काही शिकायला मिळाले असेल तर त्यावर लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती जिन्याखालची अरुंद खोली. तिथे दोन हातमशिने होती, खडूने पांढरे झालेले एक लांब टेबल होते आणि आमच्या शिवणाच्या बाई होत्या.

आठवीत, म्हणजे १९८४ साली, कार्यानुभवाच्या परीक्षेला झबले शिवायचे होते. माझी चित्रकला चांगली होती आणि ती चांगली आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होते. कागदी नमुना मी इतका रेखीव काढला होता की त्या रेषेबाहेर शिवणीसाठी सोडायचे जास्तीचे कापड, म्हणजे माया, एक दोराभर ठेवणेही मला गबाळेपणाचे वाटले, आणि मी मलमल अगदी रेषेवर कापून टाकली. झबले सुबक दिसत होते. पण बाईंची तपासण्याची रीत अशी होती की कपडा हातात आला की आधी तो उलटा करायचा; सुलट बाजू त्या शेवटी, आणि ओझरतीच पाहत. त्यांनी कडेची शिवण दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणली, तसे टिपेच्या बाजूचे धागे एकामागून एक निसटले आणि बोटभर फट पडली. बाईंनी विचारले, “माया कुठे ठेवलीस गं?” सगळा वर्ग हसला. माझ्या तिखट जिभेची ख्याती तेव्हाही होती, त्यामुळे मुली नेमक्या कशाला हसल्या हे मी आजवर कोणाला विचारलेले नाही.

मग बाईंनी ते झबले टेबलावर पसरून समजावले. कडेच्या शिवणीला अर्धा इंच माया. खालच्या दुमडीला दोन इंच, कारण पोर वाढते आणि दुमड सोडता आली पाहिजे. पण गळ्याला आणि मुंढ्याला पाव इंचच, आणि गोलाईवर तिलाही कात्रीने बारीक छेद द्यायचे, कारण वळणावर कापड जास्त राहिले की उलटवल्यावर चुण्या पडतात. माया सगळीकडे सारखी ठेवायची नसते, हा त्या दिवसाचा धडा मला झबल्यापुरता तेव्हाच कळला. झबल्याबाहेर तो कळायला पुढची वीसेक वर्षे गेली.

बारावीनंतर मी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गेले. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल आहे, आणि त्या अहवालात त्यांनी सर्वांत अधिक कौतुक केले आहे ते आपल्या साध्या लोट्याचे. तो कमरेवर घेतात की डोक्यावर, भरलेला असताना त्याचा तोल कुठे राहतो आणि रिकामा असताना कुठे, ओतताना पाणी कसे पडते, हाताला तो कसा लागतो, असे प्रश्न त्यांनी ओळीने मांडले आणि असा लोटा कोणा एकाला घडवता येणेच शक्य नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी घडत गेला आहे, असा निर्वाळा दिला. घरी रोज तांब्या घासणाऱ्या मुलीला हे वाचून गंमत वाटली. एरवी डिझाइनला ‘अभिकल्प’ असा भारदस्त प्रतिशब्द आहे; मला मात्र बाईंचे ‘बेतणे’ अधिक जवळचे वाटते, कारण त्यात कापडही आहे, अंगही आहे आणि बेतही.

तिथेच डीटर राम्स यांची दहा तत्त्वे भेटली. १९५५ ते १९९५ अशी चाळीस वर्षे ब्राऊन कंपनीत काम केलेल्या या जर्मन डिझाइनरने, आपण करतो ते डिझाइन चांगले आहे का, असा प्रश्न स्वतःलाच विचारून ती मांडली. ही तत्त्वे जशीच्या तशी माणसांना लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तू उपयुक्त असावी हे दुसरे तत्त्व मैत्रीला लावले तर मैत्री उरत नाही, आणि नावीन्याचे पहिले तत्त्व नात्यात आणणारी माणसे मला तरी दमवतात. प्रामाणिकपणाचे तत्त्व मात्र, म्हणजे वस्तूने असल्यापेक्षा अधिक असल्याचा आव आणू नये हे, बाईंनी झबले उलटे करून मला आधीच शिकवले होते. आणि पाचवे तत्त्व असे, की वस्तूने पुढे पुढे करू नये, तिने संयत राहून वापरणाऱ्याला आपले असे काही करायला जागा ठेवावी. हे मी परीक्षेत पाठ लिहिले, व्यवसायात पाळले आणि घरात साफ विसरले.

पुण्यात आमचे घर मी स्वतः बेतले होते. राम्स यांनी १९६० साली योजलेल्या, हव्या तशा सरकवता येणाऱ्या फळ्यांच्या मांडणीवर माझा जीव होता आणि तशीच मांडणी मी सुताराकडून भिंतभर करून घेतली होती. फरक इतकाच, की आमच्या फळ्या सरकवण्याची मुभा फक्त मला होती. सासूबाई गेल्यावर सासरे, आमचे अण्णा, कायमचे आमच्याकडे राहायला आले. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती, एक ट्रान्झिस्टर होता आणि सुतळीने बांधलेली जुनी पंचांगे होती. पहिले काही महिने ते हातात काहीतरी धरून दारात उभे राहत आणि विचारत, “हे कुठे ठेवू?” मी तत्परतेने जागा सांगत असे आणि स्वतःला चांगली सून समजत असे. एखादी वस्तू कशी वापरायची हे रोज विचारावे लागत असेल तर दोष वस्तूचा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. पण आपल्या सासऱ्यांना घर रोज विचारावे लागते आहे, हे माझ्या लक्षात यायला एक पावसाळा जावा लागला.

मग मी मधली एक फळी पूर्ण रिकामी केली आणि ती तुमची, एवढेच अण्णांना सांगितले. महिनाभर त्यांनी तिच्यावर काहीही ठेवले नाही. मला राहवत नव्हते. तिथे एखादी कुंडी ठेवावी म्हणून हात दोनदा पुढे गेला आणि मागे आला. एके सकाळी तिथे दाढीचा डबा दिसला. पुढे पंचांगे आली, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आल्या, एक बिघडलेले घड्याळ आले. माझ्या त्या नेटक्या भिंतीवर ती फळी आजही डोळ्यांना खुपते, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या दिवाळीत अण्णा ट्रान्झिस्टर हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभे होते. मी सवयीने जागा सुचवायला तोंड उघडले, तोवर त्यांनी माझी पुस्तके उचलून खालच्या फळीवर ठेवली होती.