रुद्रची गुरगुर

दार रुद्रच्या बाबांनी उघडलं. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज. (बिघडलेल्या कुत्र्यांचं वर्तन सुधारायला ज्यांच्या घरी मी जाते त्यांना मी कुत्र्याच्या नावावरूनच हाक मारते, अमक्याची आई, तमक्याचे बाबा. त्यांनाही ते आवडतं.) चावा आदल्या संध्याकाळचा होता. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली, तसेच डॉक्टरांकडे गेलो, इंजेक्शनं सुरू झाली, असं त्यांनी दारातच सांगितलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढचं वाक्य ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला.

"मॅडम, काही म्हणजे काही इशारा दिला नाही. सरळ धरलाच."

रुद्र ११ महिन्यांचा जर्मन शेफर्ड. पाच आठवड्यांपूर्वी या घराशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. सोफ्यावरून उठवलं की गुरगुरतो, पट्टा लावायला गेलं की मान काढून घेतो, संध्याकाळी अंगावर येतो, बाही धरून ओढतो, अशा तक्रारी होत्या. मी वय विचारलं, जात विचारली आणि सांगून मोकळी झाले : याला काम कमी पडतंय, व्यायाम वाढवा, रोज तासभर तरी चेंडू खेळवा. हाच सल्ला मी कितीतरी घरांना दिला आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो लागूही पडला आहे. इथे तो चुकला होता. कुत्रा डोळ्यांनी न पाहता मी तो दिला होता.

सल्ल्यामागचा विचार खोटा नव्हता. ही जात घडवणाऱ्या माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी १८९९ मध्ये होरांड नावाचा कुत्रा घेतला आणि या जातीची पहिली नोंद त्याच्या नावावर झाली. त्यांना हवा होता तो दिवसभर मेंढ्यांच्या कडेकडेने दुडक्या चालीने फिरणारा, कळपाला हद्द ओलांडू न देणारा कुत्रा. असं रक्त अंगात असलेलं जनावर घरात रिकामं बसलं की स्वतःचं काम स्वतः शोधतं. दाराची राखण करतं, नाहीतर घरातल्यांच्या हलत्या पायांमागे लागतं. पण चेंडूमागे धावणं म्हणजे मेंढ्या राखणं नव्हे. त्यात सुसाट पळणं असतं, कचकन थांबणं असतं, जागच्या जागी गिरकी घेणं असतं, आणि तेच पन्नास वेळा. हा फरक मला फोनवरच सांगता आला असता.

मी आत जायच्या आधी त्यांनी रुद्रला पट्टा लावून जाळीच्या दाराआड ठेवलं होतं. मी जमिनीवर तिरकी बसले, त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आला, त्याने वास घेतला. थोड्या वेळाने मी हलकेच "बस" म्हटलं आणि तो बसला. रुद्रच्या बाबांचा चेहरा पडला. "आमचं अजिबात ऐकत नाही. तुमचं कसं ऐकलं?"

हे मी फार घरांत पाहते, आणि माणसं ते मनाला लावून घेतात. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्या माणसाच्या शब्दावर बसणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकू लागली. परक्याने सांगितलेलं मात्र ऐकत राहिली. वयात येणारा कुत्रा घरच्यांशीच अडेलपणा करतो. तेव्हा ऐकलं नाही याचा अर्थ प्रेम कमी झालं किंवा डोक्यावर बसला, असा नसतो.

रुद्र बसला खरा, पण डाव्या पुढच्या पायावर भार न देता बसला. पंजा जमिनीला नुसता टेकलेला. माझ्या नजरेने ते टिपलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

दिवाणखान्यात कॅमेरा होता. चाव्याचं चित्रण मागून घेतलं आणि आम्ही तिघं ते संथ गतीने पाहू लागलो, पुन्हा पुन्हा. रुद्र सोफ्याजवळ आडवा झालेला. बाबा मागून येतात. तो मान न हलवता डोळे फिरवतो, पांढरं दिसतं. ओठ चाटतो. तोंड भिंतीकडे वळवतो. कान मागे चपटे. बाबांचा हात गळपट्ट्याकडे जातो. रुद्रचं तोंड मिटतं, अंग दगडासारखं ताठ होतं. आणि मग चावा.

"हे अकरा सेकंद तो सांगतच होता," मी म्हटलं. "पण आवाज नाही केला. तुम्ही तर म्हणाला होतात, गुरगुरतो."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रुद्रची आई म्हणाली, "ते आम्ही बंद केलं."

कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की कुत्र्याला घरात वरचढ होऊ द्यायचं नाही. गुरगुरला की उताणा पाडायचा आणि अंग सैल सोडेपर्यंत दाबून धरायचा. तीन आठवडे ते हेच करत होते. बंदिस्त लांडग्यांवरच्या १९४७ च्या एका अभ्यासातून ही ‘वरचढ’ची कल्पना पसरली. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब, हे नंतर स्पष्ट झालं, तरी ती कल्पना घराघरांत टिकून आहे. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कुत्र्याला असं उताणं दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी सांगितलं की कुत्रा उलट अंगावर आला. रुद्र लगेच आला नाही. तो एवढंच शिकला की गुरगुरलं की माणसं पाडतात. म्हणून त्याने गुरगुरणं सोडलं. आतली भीती होती तिथेच राहिली.

पण भीती कशाची? मी चित्रण आणखी मागे नेलं. चाव्याच्या दहा मिनिटं आधी तो आडवा व्हायला जातो, पुढून वाकतो, थांबतो, परत उभा राहतो. तिसऱ्या खेपेला धप्पकन अंग टाकतो.

"लंगडतो का कधी?"

"आता नाही," आई म्हणाली. "दोनेक आठवड्यांपूर्वी मागचा उजवा पाय धरत होता. मुरगळला असेल म्हटलं. चार दिवसांत आपोआप बरा झाला."

मागचा उजवा आणि आता पुढचा डावा. मी ताठ बसले. मोठ्या जातींच्या वाढत्या वयातल्या कुत्र्यांत, जर्मन शेफर्डच्या नरांत तर खासच, पॅनऑस्टिआयटिस नावाचं हाडाचं दुखणं होतं. साधारण ५ ते १८ महिन्यांच्या वयात लांब हाडं आतून दुखतात, आणि दुखणं एका पायातून दुसऱ्या पायात फिरत राहतं. मी पशुवैद्य नाही, निदान करणं माझं काम नाही. पण हा कुत्रा आजच्या आज पशुवैद्याने पाहायला हवा, हे सांगणं माझं काम होतं.

रुद्रचे बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला दुखत होतं आणि मी त्याला दाबून धरत होतो."

"आणि मी त्याला पळवायला सांगत होते," मी म्हटलं.

पशुवैद्यांना फोन करून चाव्याबद्दल आधीच सांगितलं. त्यांनी घरातून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध दिलं, आणि सगळ्यात शेवटची वेळ, म्हणजे बाकडी रिकामी असताना. मी माझ्याकडचं जाळीचं मुसकं नेलं. त्यात कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात. खरं तर मुसक्याची सवय अनेक दिवस खाऊ चारत लावायची असते. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. टेबलावर डॉक्टरांनी डाव्या खांद्याखालचं लांब हाड मधोमध दाबलं आणि रुद्र किंचाळला. क्ष-किरण चित्रात त्याच हाडाच्या पोकळीत धुरकट पांढरा डाग होता.

कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक, विश्रांती, चेंडू बंद. घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नका, असं त्यांनी बजावलं; आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं बाधू शकतं. प्रत्येक चावऱ्या कुत्र्यामागे दुखणं असतं असं नाही. पण वर्तनाच्या तक्रारीसाठी पाठवल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी निदान तिसरा हिस्सा कुठल्या ना कुठल्या वेदनेत असतो, असा तज्ज्ञांचा २०२० मधला सावध अंदाज आहे. रुद्रनंतर मी पशुवैद्यांनी तपासल्याशिवाय कुणालाही व्यायाम वाढवायला सांगितलेलं नाही.

दुखणं आठवड्याभरात उतरलं. हाताची भीती उतरली नाही. गळपट्ट्याकडे हात गेला की तो पुन्हा ताठ. मग घरात त्याच्या अंगावर हलकी लांब दोरी ठेवली, म्हणजे गळ्याशी झटायची वेळच येऊ नये. सोफ्यावरून उतरवायचं तर ओढायचं नाही, खाऊ जमिनीवर टाकून बोलवायचं. त्याचं अंथरूण अशा कोपऱ्यात हलवलं जिथून कुणाची ये-जा नाही, आणि तो झोपलेला असताना कुणी त्याला शिवायचं नाही. बाबांचा हात आधी हातभर लांबूनच यायचा, थांबायचा, खाऊ द्यायचा, परत जायचा. रोज काही मिनिटंच. पळण्याऐवजी नाकाचं काम दिलं, गवतात, खोक्यांत, चिंध्यांत लपवलेला खाऊ हुंगून काढायचा. त्यात तो इतका रमला की संध्याकाळची बाही धरणं आपोआप कमी झालं. मुसक्याची सवयही या वेळी सावकाश, नीट लावली.

दहाव्या आठवड्यात रात्री फोन आला. आवाज घाबरलेला.

"मॅडम, आज पुन्हा गुरगुरला. मी अंथरुणाजवळ वाकलो होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"थांबलो. मागे सरकलो. तो पण गप्प झाला."

"फार चांगलं केलंत. कुठल्या कुशीवर झोपला होता?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "डाव्या. उजवा पाय वर घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसकं घालून, स्वतःच्या पायांनी गाडीत चढून तो पशुवैद्यांकडे गेला. या वेळी पुढचा उजवा होता.