भयकथांचा वाचनालयात शिरकाव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या वाचनालयात भयकथा म्हटलं की दोनच नावं निघायची, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. कपाट बघून वाटावं, त्यांच्यामागे मराठीत कुणी भुताला हात लावलाच नाही. नवीन काही मागवा म्हणून मी मागणी वहीत लिहिलं, मग परत लिहिलं. उत्तर नाही. शेवटी ग्रंथपाल सरांनाच गाठलं. ते म्हणाले, "वही समितीपुढं जाते की. पण भुताखेताचं नाव काढलं की लोक हसतात ओ."

हसण्याच्या खाली पैशाचं दुखणं होतं, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त वाचनालयांना १९६७ च्या कायद्याप्रमाणे वर्गवार अनुदान मिळतं; सीमेच्या या बाजूला तो कायदा लागू नाही. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, पण तो सरकारी वाचनालयांसाठी. आमचं सगळं वर्गणी आणि देणगीवर. त्यात पुस्तकं यायची पुण्या-मुंबईहून, आणि २०२४ च्या डिसेंबरात टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केल्यापासून तीही सोय गेली. कोल्हापूरला कुणी निघालं की त्याच्या पिशवीत यादी सरकवायची, हा आमचा खरेदी विभाग. अशा वेळी 'भुतावर कशाला खर्च?' असं कुणी म्हणालं तर मला राग येत नाही.

म्हणून वाद घालायचा नाही असं ठरवलं. देवघेवीच्या टेबलाशी बसून कपाटातली पुस्तकं काढली आणि मागच्या पानावरच्या तारीख पट्ट्या बघितल्या. धारपांच्या एका कादंबरीला मूळ मुखपृष्ठच उरलं नव्हतं. तपकिरी रेक्झिनची बांधणी, कण्यावर पांढऱ्या रंगात हातानं लिहिलेलं नाव, पानांचे कोपरे मऊ पडलेले. तारखेची पट्टी भरली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, असा पुठ्ठ्यासारखा जाड थर. जांभळे शिक्के एकमेकांवर चढलेले. तिच्याच शेजारी एका पुरस्कारप्राप्त कादंबरीची पट्टी जवळजवळ कोरी. नाव सांगत नाही, चांगली कादंबरी आहे, मला आवडते. पण समितीला मी दोन्ही पट्ट्यांचे फोटो दाखवले आणि गप्प बसलो.

एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप वेगळा होता. असल्या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, आपल्याकडे कर्नाटकात तर २०१७ चा कायदाही आहे. त्यांना मी एवढंच म्हटलं, "अण्णा, तो कायदा अघोरी प्रथांवर आहे, गोष्टींवर नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या आज्यांना मग पहिलं धरायला लागेल." ते हसले. खरंच आहे ते. पावसात वीज गेली की चकवा, मुंजा आणि वेताळ सांगणारी माणसं आमच्या भागात घरोघरी आहेत. भीतीची गोडी आधीपासून आहे, नवं पुस्तकच काय ते नव्हतं.

समितीनं थोडी पुस्तकं घ्यायला होकार दिला, पण प्रत्येक पुस्तकाचं टिपण लिहून द्या म्हणाले. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, पानं एवढं सगळेच लिहितात. मी खाली दोन ओळी जास्त घातल्या: हे कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये. लहान मुलाचा मृत्यू आहे, रक्तपात फार आहे, घरात आजारी माणूस असेल तर आत्ता नको, असं स्पष्ट. परीक्षण कुणी वाचत नाही, या दोन ओळी सगळे वाचतात. सुरुवात हृषीकेश गुप्ते यांच्या 'अंधारवारी'पासून केली.

खरं काम पुस्तकं आल्यावर लागलं. टेबलावर बसणाऱ्या ताई स्वतः भयकथा वाचत नाहीत. "मला रात्री झोप लागत नाही, मी कसं सांगू?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर एक चांगला प्रश्न हवा. तो प्रश्न आम्हाला एका निवृत्त गुरुजींनी दिला. नवा संग्रह दोन दिवसांत परत आणून ते म्हणाले, "यात समर्थ कुठं आहेत?"

धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा वाचलेल्यांना त्यातली मेख लगेच कळेल. तिथं संकट कितीही काळंकुट्ट असो, समर्थ येणार आणि निस्तरणार. वाचक घाबरतो तो त्या भरवशावर. नव्या लेखनात पुष्कळदा असा कुणी येत नाही. जे घरात शिरलं ते घरातच राहतं, कधी तर ते बाहेरचं नसतंच. गुरुजींना भीती चालत होती, निराधार सोडलेलं चालत नव्हतं. तेव्हापासून ताई नव्या वाचकाला भूत आवडतं का असं विचारत नाहीत. विचारतात, "शेवटी सुटका पाहिजे काय?" पाहिजे म्हणणाऱ्याला एक यादी, नको म्हणणाऱ्याला दुसरी. मधले असतात, "बघू या" म्हणणारे, त्यांना मतकरी.

कॉलेजच्या पोरांचं गणित निराळं. २०२४ च्या सप्टेंबरात 'तुंबाड' परत थिएटरात लागला, तेव्हा त्यामागची धारपांची 'आजी' ही कथा मागायला काहीजण आले. त्याआधी ही पोरं वाचनालयाची पायरी चढली नव्हती. मोबाईलवर कानात भुताच्या गोष्टी ऐकत झोपणारी ही मंडळी. त्यांना जाड कादंबरी दिली की ती मुदतवाढ न करताच परत येते. लहान कथांचा संग्रह द्यावा, आणि कुठल्या कथेपासून सुरू करायचं तेही सांगावं. अनुक्रमणिकेत पेन्सिलीनं बारीक टिंब करतो आम्ही. पुस्तकावर लिहू नये हा नियम सरांनी इथं डोळ्याआड केला आहे.

वेगळं कपाट मात्र मिळालं नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरी सगळी ८९१.४६३ मध्येच बसते, भुताला वेगळा क्रमांक कोण देणार? शिवाय 'भयकथा' पाटीखाली उभं राहायला काही बायकांना संकोच वाटतो, हे ताईंचं निरीक्षण; मला सुचलं नसतं. मग कण्याच्या तळाशी काळ्या टेपची बोटभर पट्टी लावली. ज्यांना माहीत आहे ते पट्टी बघून उचलतात.

यंदा दिवाळी अंकांच्या योजनेत 'धनंजय' घालून घेतला आहे. रहस्य-भयाचा जुना अंक, नवे लेखक तिथं आधी दिसतात. त्यातली नावं टिपून पुढची यादी करायची, असं सरांशी ठरलंय. मागणी वहीत आता समितीच्या सहीचा रकाना आहे. काढून बघितलं तर निम्म्या मागण्यांसमोर सही, उरलेल्यांसमोर "निधीअभावी".